भिमाबाईचा कान

नळदुर्ग,
१२ ऑक्टोबर

प्रिय संघू,

जय भीम. हे पाकीट तुला हॉस्टेलच्या खोलीच्या दाराखाली सापडेल तेव्हा तू तीन विमानं बदलून, पाय सुजवून आलेली असशील. आधी जेव, झोप काढ, मग उघड. हातात फोन असताना पप्पाला पत्र कशाला सुचलं असं तुला वाटेल. तुझी आई समोर मेथी निवडत बसली आहे, तिनंही हेच विचारलं. पण मी काय लिहितोय ते तिला ठाऊक आहे. कारण एवढंच, की तोंडानं मी काहीही बोलू शकतो. चौतीस वर्षं घर त्यावरच चाललंय. पेन धरलं की मात्र हात जड होतो, एक शब्द जागेवर बसल्याशिवाय दुसरा निघत नाही. शिवाय फोनवर तुझे कान माझ्यासारखेच तिखट. मी श्वास कुठं घेतला त्यावरून तू ओळखशील आणि मधेच विचारशील. मधे विचारलंस की मी सुटका करून घेईन. आज मला सुटायचं नाही.

तू परिषदेला गेलीस त्या पेरूतल्या कुस्कोहून पाठवलेलं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग मी पाच वेळा ऐकलं. पहिल्यांदा जीपमध्ये, तुळजापूरच्या स्टँडवर गिऱ्हाईक गोळा व्हायची वाट बघताना. त्यांच्याकडंही अर्ध्या दिवसाचीच सहल असते हे ऐकून मला फार बरं वाटलं. चौकातून निघायचं, इंका लोकांच्या भिंतीवर स्पॅनिश लोकांनी चढवलेलं चर्च बघायचं, मग टेकडीवरचे ते हत्तीएवढे दगड, आणि जेवायच्या वेळेला परत. आपलंही तेच की. बुरूज, पाणीमहाल, इंग्रज साहेबाच्या बंगल्याच्या भिंती, मग अणदूरचा खंडोबा, आणि दोनला तुळजापूर. तुझा तो गाईड मातेओ इंग्रजी बोलतो ते मला निम्मंच कळलं, पण बाकी सगळं ऐकू आलं. दगडावर बुटांचे आवाज, विरळ हवेत धापा टाकणारी कोणी बाई, लांबचं कुत्रं. आणि त्या गल्लीत, भिंतीजवळ, मातेओनं आवाज खाली घेतला. त्याआधी त्यानं एक श्वास घेतला, छोटा, नाकानं. संघू, तो श्वास मला ओळखीचा आहे. मी तिथंच स्वतःशी म्हणालो, आता हा गडी खोटं बोलणार. आणि त्यानं ती गोष्ट सांगितली. भिंतीतला एक दगड एका बाईनं घासून बसवला, तिचा श्वास आत राहिला, म्हणून तो दगड थंडीतही कोमट लागतो. सगळ्यांनी हात लावला. सगळ्यांना कोमट लागला. तुझाही आवाज आला त्यात, "ओह" असा.

मग तुझा तो लांबलचक मेसेज. परिषदेतल्या तिथल्याच प्राध्यापकबाई हसल्या, म्हणाल्या ही गोष्ट मातेओच्या मिशीपेक्षा लहान आहे, गाईड लोकांनी पर्यटकांसाठी रचलीय. तू लिहिलंस, "पप्पा, मला इतका राग आला. गरिबांच्या नावावर खोटं विकणं ही चोरीच आहे. आणि तेव्हाच मला तुमची किंमत कळली. आपली भिमाबाई खरी आहे. चार शतकं लोकांनी तोंडातोंडी सांभाळलेली. परत आले की सत्तावीसला प्रबंध देते, चौथं प्रकरण तुमच्या नावानं अर्पण." हे वाचलं तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. चहा गार झाला.

तुला माझी सगळी हकीकत माहीत आहे, पण क्रमानं सांगतो, म्हणजे चूक कुठं झाली ते दिसेल. दहावीला दोनदा आपटल्यावर मी तुळजापूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात टेबलं पुसायला लागलो. पुसता पुसता कन्नड कानात पडली, मग तेलुगू, मग पुण्या-मुंबईच्या लोकांचं इंग्रजी. कानात पडलेलं माझ्याकडून सांडत नाही. आणि एक गोष्ट दिसली, जी मालकालाही दिसत नव्हती. लोकांचं दर्शन नऊला उरकतं आणि त्यांची गाडी तीनला असते. मधला अर्धा दिवस नुसता वाया जातो. चहा पितात, बांगड्या बघतात, पोरांना मारतात. तो अर्धा दिवस मी उचलला. आधी दुसऱ्याच्या टमटममध्ये पुढं बसून, मग स्वतःची जुनी जीप, मग तिच्यावर रंगवून घेतलेलं नाव, "अर्धा दिवस". नळदुर्गाची माहिती मी चौकीदाराकडून, मास्तरांकडून, येणाऱ्या शिकलेल्या गिऱ्हाइकांकडूनच गोळा केली. सकाळच्या गिऱ्हाइकानं सांगितलेलं दुपारच्याला सांगितलं. आदिलशहा, बोरी नदी, भिंतीच्या पोटातला महाल, वरून पडणारे नर आणि मादी धबधबे. सगळं नीट जमलं. फक्त एक सलायचं. एवढा मोठा किल्ला, त्यात आपलं माणूस एक नव्हतं. राजे होते, सरदार होते, साहेब होता. दगड कुणी वाहिले, ते कुणी विचारत नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं.

पाणीमहालात उतरतो ना, तिथल्या कोनाड्यात एक दगड थोडा आत गेलेला आहे. पहिल्याच वर्षी मी एका पार्टीला तिथं उभं करून माझ्या आजीची गोष्ट सांगितली होती. खरी गोष्ट. ती पुढं लिहितो. त्या लोकांनी घड्याळं बघितली. एकानं विचारलं, इथं बाथरूम कुठं आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी पार्टी आली, हैदराबादची, चांगली माणसं. त्याच कोनाड्यात उभा राहिलो आणि काय झालं मला माहीत नाही, मी नाकानं छोटा श्वास घेतला आणि आजीला चारशे वर्षं मागं नेऊन ठेवलं.

पुढचं तुला पाठ आहे. भिंत बांधून झाली, पहिला पाऊस झाला, पाणी कुठून तरी झिरपायला लागलं. मोठमोठे कारागीर घाबरले. तेव्हा किल्ल्याबाहेरच्या वस्तीतली भिमाबाई आली, भिंतीला कान लावत लावत चालली, या दगडापाशी थांबली आणि म्हणाली, इथं बोलतंय. दगड काढला, भेग सापडली. राजा म्हणाला, माग काय मागायचं ते. ती म्हणाली, सोनं नको, आमच्या वस्तीला हे पाणी वरच्या अंगानं भरू द्या. राजा म्हणाला, दिलं. एवढं सांगून मी म्हणायचो, लावा कान. हैदराबादच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी पायातले बूट काढले, संघू. बूट काढून कान लावला. माझ्या आजीसाठी आयुष्यात कुणी बूट काढले नव्हते. त्या दिवसापासून मी खऱ्या गोष्टीकडं परत वळलो नाही. तुला गंमत म्हणून सांगतो, एप्रिल-मेमध्ये नदी कोरडी ठाक असते, भिंतीमागं थेंब नसतो, तरी लोकांना पाणी ऐकू येतंच.

एकदा आजीलाच नेलं होतं तिथं. तिचं तेव्हा सत्तरीच्या जवळ वय, एका हातानं माझा खांदा धरून उतरली. मी सगळी गोष्ट सांगितली, अगदी गिऱ्हाइकांना सांगतो तशी. तिनं कान लावला, बराच वेळ ठेवला आणि म्हणाली, "प्रेम्या, हितं पाणी बोलत न्हाय रं. तुझंच तोंड बोलतंय." मग पायऱ्या चढताना मधेच थांबली. "आन् मला रानीवानी हात हालवत कशाला आनलीस? माझ्या डोक्यावर टोपलं व्हतं. त्ये कुठं ठिवलास?" मी हसण्यावारी नेलं. पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात ती गेली. टोपलं राहिलंच.

आता माझी खरी चूक. तू नऊ वर्षांची होतीस, तुला पहिल्यांदा पार्टीबरोबर नेलं. गोष्ट संपल्यावर जीपमध्ये तू विचारलंस, "पप्पा, तुमच्या आजीचं नाव पण भिमाबाईच, असं कसं?" तुझे कान बघ, तेव्हाही सोडत नव्हते. पुढच्या सीटवर गिऱ्हाईक बसलेलं. मी म्हणालो, "तिच्यावरूनच ठेवलंय बाळा, आपल्यात हे नाव चालत आलंय." तू खूष होऊन खिडकीबाहेर बघायला लागलीस. गिऱ्हाइकाला सांगितलेलं खोटं दुपारी दोनला संपतं, ते आपल्या गावाला जातं. लेकीला सांगितलेलं घरी येतं, ताटाला बसतं, शाळेत जातं, बारावीला इतिहास घेतं. तू इतिहास घेतलास तेव्हा मी पेढे वाटले. तू किल्ल्यांच्या तोंडी गोष्टींवर प्रबंध घेतलास तेव्हा वाटलेल्या पेढ्यांतला मी एकही खाल्ला नाही, आईला विचार.

मागच्या उन्हाळ्यात तू फॉर्म घेऊन आलीस. माहिती देणाऱ्याचं नाव, ही कथा कुणाकडून ऐकली, घटनेचा काळ, सही. कुणाकडून ऐकली यात मी "आजी भिमाबाई" लिहिलं. ते खरंच होतं, म्हणून सरसर लिहिलं. काळाच्या रकान्यात "आदिलशाही" लिहिताना पेन अडकलं. तू म्हणालीस, रिफिल संपलं असेल, आणि दुसरं पेन दिलंस. मग तू आणखी तिघांना विचारलंस. हणमंतप्पा, किल्ल्याच्या दारातला चहावाला. सिद्धाराम, माझ्या दुसऱ्या जीपवरचा जुना ड्रायव्हर. आणि शेंगा विकणारी नागम्मा. तिघांनी भिमाबाई सांगितली, तिघांनी वेगवेगळी सांगितली. तू रात्री जेवताना डोळे मोठे करून म्हणालीस, "फरक आहे म्हणजे परंपरा जुनी आहे, पप्पा." संघू, त्या तिघांनी ती माझ्याच तोंडून ऐकली आहे. हणमंतप्पाकडं गिऱ्हाइकं चहा पिताना उलटसुलट बोलतात, त्यातून त्यानं जोडली. सिद्धारामला कन्नड पार्टीपुढं राजा विजापूरचाच आहे हे ठासून सांगायची सवय. आणि नागम्मानं भिमाबाईच्या पायात चांदीचे तोडे घातले. मी एकदा तिला म्हणालो, नागम्मा, हे तोडे कुठून आले गं? तर मलाच म्हणाली, "अहो प्रेमदादा, एवढं मोठं काम केलेली बाई, तिला मोकळ्या पायानं कशी उभी करू?" ती माझ्यापेक्षा बरी. तिनं निदान आजीला काही दिलं.

तुझा मेसेज आल्यावर मी दोन दिवस सुटायच्या वाटा बघितल्या, खोटं सांगत नाही. गोष्टी विकून पोट भरलेला माणूस आहे मी, वाट सापडतेच म्हणतो. पहिली वाट, गप्प बसायचं. तू डॉक्टर होशील, पुस्तक छापशील, मग कधीतरी एखादी हसरी प्राध्यापकबाई तुझ्यापुढं उभी राहून म्हणेल, ही गोष्ट तुझ्या बापाच्या मिशीपेक्षा लहान आहे. दुसरी वाट, गोष्टच सांगायची बंद करायची, म्हणजे हळूहळू मरेल. ती आज सकाळी करून बघितली. बिदरची दोन कुटुंबं होती आणि लातूरच्या एक शिक्षिका. कोनाड्यापाशी आलो, आदिलशाही बांधकाम, चुन्यात काय काय घालत, एवढं बोललो आणि पुढं निघालो. मागून शिक्षिकाबाई म्हणाल्या, "अहो काका, ती कानवाली बाई राहिली की." त्यांनी मोबाईलवर बघितली होती, खास तिच्यासाठी आल्या होत्या, सोबत आपल्या मुलीला आणलं होतं. मी म्हणालो, ते लोक उगीच सांगतात हो. बाई चिडल्या. "उगीच कसं? तुमच्यासारख्या जुन्या माणसांनीच असं म्हटल्यावर काय राहिलं? मोठ्या लोकांची गोष्ट असती तर विसरला असता का?" माझ्याच वस्तीच्या बाजूनं ती मला बोलत होती. मी छोटा श्वास घेतला. तिच्या मुलीनं कान लावला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर आलो तर हणमंतप्पा चहा ओतत म्हणाला, "आज लौकर आटपलास की रं, बरं न्हाय का?" मी म्हटलं, बरं आहे. माझ्याच बांधलेल्या भिंतीत मी आतल्या बाजूला आहे, हे त्याला कुठं सांगू.

आणि वस्तीतल्या बायका वेगळ्याच. त्यांनी ठरवलंय, समाजमंदिरात भिमाबाईची फरशी बसवायची, नाव कोरून. परवा येऊन म्हणाल्या, दादा, साल तेवढं तुमच्या संघूला विचारून सांगा, ती शिकलेली आहे, चुकायला नको.

तर साल सांगतो. एकोणीसशे त्र्याहत्तर, श्रावण. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या वस्तीमागच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आजी त्यावर माती टाकायला होती, मी तिच्या पाठीला बांधलेला, मला काही आठवत नाही, हे सगळं तिच्या तोंडचं. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. बांधावरून जाताना आजी थांबली. टोपलं खाली ठेवलं नाही, डोक्यावर धरूनच ओणवी झाली आणि कान लावला. मुकादमाला म्हणाली, हितं आत पाणी बोलतंय. मुकादम म्हणाला, "भिमे, तुला मजुरी माती टाकायची हाय, कान लावायची न्हाय." ती आणखी चार बायांना घेऊन आली, तिथलं उकरलं, काळी माती भरली, पायानं तुडवून तुडवून बसवली. दुपारभर पावसात. बांध आजही उभा आहे, त्यावरून तू सायकल चालवायला शिकलीस. नारळ मुकादमाच्या हातात दिला गेला. साहेब आले तेव्हा आजीनं पुढं होऊन एवढंच मागितलं, आमच्या बायांना वरच्या अंगानं पाणी भरू द्या. साहेब म्हणाले, विचारून कळवतो. ते विचारणं अजून चालू आहे.

म्हणजे बघ, गोष्टीत मी तीनच गोष्टी बदलल्या. साल, जागा आणि उत्तर. खरी सांगितली तेव्हा लोकांनी बाथरूम विचारलं, खोटी सांगितली तेव्हा बूट काढले. हे मी माझी बाजू म्हणून लिहीत नाही. चोरी तू म्हणालीस ती चोरीच. फक्त मी दुसऱ्याचं नाही, आपल्याच घरचं चोरलं आणि राजाच्या घरात नेऊन ठेवलं. मातेओवर मात्र फार रागावू नकोस. परत कधी गाठ पडली तर त्याला एकदा विचार, बाबा, तुझ्या घरात दगड घासणारी कोण होती. नाकानं श्वास घेईल तो. घेऊनही खोटं बोलला नाही, तर समज, त्यानंही घरचंच चोरलंय.

आता हे पाकीट सत्तावीसच्या आत तुझ्या हातात का हवं होतं ते तुला कळलं असेल. उन्हाळ्यात तू कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्या कपाटात विसरली होतीस. त्यातला एक भरून सोबत जोडलाय. जुना फाडून टाक, किंवा नियमात बसत असेल तर दोन्ही ठेव, मला तुझ्या प्रबंधाच्या गाईडबाईंपुढं उभं करायचं असेल तर मी येतो. चौथं प्रकरण पडेल, कदाचित सहा महिने पुढं जाईल, कदाचित तू माझ्याशी बोलणार नाहीस. ते सगळं मी धरून चाललोय. वस्तीतल्या बायकांना मी उद्याच सांगतो. फरशी बसवणार असतील तर सालासकट आणि टोपल्यासकट बसवावी म्हणेन, मग काय शिव्या घालायच्या त्या घालतील. फॉर्ममध्ये काळ बदललाय, जागा बदललीय, कुणाकडून ऐकली ते तेच ठेवलंय. शेवटच्या इतर माहितीच्या रकान्यात तिनं सांगितलेलं लिहिलंय, डोक्यावर टोपलं होतं. आणि तू ये. तलाव यंदा काठोकाठ आहे. अर्ध्या दिवसाची सहल, एकच गिऱ्हाईक, मी तोंड उघडणार नाही. बांधावर ती जागा दाखवीन आणि बाजूला उभा राहीन. तू कान लाव. काही ऐकू आलं नाही, तर नाही आलं असंच लिही.

तुझाच,
पप्पा